जड अणू, हलकी मूर्ती

बन्सोड सरांनी बुद्धमूर्ती माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "हिच्यात काहीतरी हलकं भरलं हाये. तपासून दे."

भंडाऱ्यात धातू तपासायच्या एका छोट्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. सरांनी मला शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आता रिटायर होऊन आसगावकडच्या आपल्या गावी विहाराचं काम बघतात. त्यांच्यासमोर खुर्चीत बसायला मला अजूनही अवघड वाटतं.

विहारासाठी गावात घरटी एक जुनं भांडं गोळा झालं होतं. ती भांडी वितळवून भंडाऱ्यातले ओतारी शंकरभाऊ यांनी भरीव मूर्ती ओतली. शेजारच्या गावची मूर्तीही त्यांचीच, त्याच साच्यातली. पण काट्यावर ही तिच्यापेक्षा हलकी भरली. सरांनी भर बैठकीत सांगितलं, की यानं धातू खाल्ला. बातमी गावोगाव झाली आणि शंकरभाऊंकडची लग्नाच्या भांड्यांची दोन कामं दुसरीकडे गेली.

शंकरभाऊ सरांसोबतच आले होते. बसा म्हटलं तरी बसेनात. "लोकायनं मायची आठवण म्हणून ठेवलेले भांडे देल्ले जी," ते म्हणाले. "त्यातलं मी खाईन का?"

सरांचा हिशेब सरळ होता. शेजारच्या गावातून तांब्याची भांडी आली होती, सरांच्या गावातून पितळेची. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त.

"तक्त्यात तांबं त्रेसष्ट, जस्त पासष्ट. मीच शिकवलं तुले. जस्ताचा अणू भारी, मंग पितळेची मूर्ती हलकी काहून?"

तक्त्यापुरतं सरांचं बरोबर होतं. आवर्तसारणीत तांब्याशेजारीच जस्त बसतं आणि त्याचा अणू थोडा जडच असतो. पण वस्तूची घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन मावतं ते, एकट्या अणूच्या वजनावर ठरत नाही. अणू किती दाटीनं बसलेत तेही बघावं लागतं. लग्नसराईतल्या एसटीत बारीक माणसं खच्चून भरली, की ती गाडी ऐसपैस बसलेल्या जाड्या माणसांच्या गाडीपेक्षा जड होते. तांब्याचे अणू दाटीनं बसतात, जस्ताचे मोकळे. म्हणून जस्त हलकं आणि ते मिसळलेलं पितळही तांब्यापेक्षा हलकं.

सरांना हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. मी एक्सआरएफ गन मूर्तीला लावली. हे यंत्र क्ष-किरण सोडून वरच्या थरातले धातू सांगतं. दोन वाटे तांबं, एक वाटा जस्त निघालं. आतलं कळायला मूर्ती आधी हवेत तोलली, मग दोरीनं पाण्यात लोंबकळवून तोलली. वजन जेवढं घटलं, त्यावरून मूर्तीनं व्यापलेली जागा कळते. घनता आली घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आतबाहेर. अशा पितळेची तेवढीच असते, तांब्याची नऊच्या जवळ. आत हलकं काही असतं तर आकडा खाली आला असता.

सरांनी पुन्हा तोलायला लावलं. आकडा तोच आला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि दाराशी उभ्या माणसाचं त्याहून जास्त.

"ज्या बैठकीत बोललो, त्याच बैठकीत सांगीन," ते शंकरभाऊंना म्हणाले.

आणि सांगितलंही. रविवारच्या वंदनेनंतर उभे राहून, सगळ्यांदेखत, आडपडदा न ठेवता. मूर्ती बसली. शंकरभाऊंना पहिल्या रांगेत बसवलं.

लग्नाची ती दोन कामं मात्र परत आली नाहीत. माणसावर आळ घेण्याआधी वस्तू पाण्यात बुडवून बघावी. बादली सगळ्यांच्या घरी असते.