किसनसेठची दुसरी फेरी

किसनसेठ कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तिची उगवण तपासत. धंदा बियाण्यांचा, त्यामुळे सुरुवात बियांपासूनच झाली असणार. थैलीतले शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करून कोपऱ्यात उभी करायची आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजायचे. जालन्यात बियाण्याचा धंदा करणारे सगळेच हे करतात. पण बाकीचे दुकान बंद करून घरी गेले की माणसांसारखे वागतात. किसनसेठ घरीही तेच करत. पंखा घ्यायचा तर तसा पंखा ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे जाऊन दुपारभर झोपून बघत. धाकट्या मुलाला स्थळ आले, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी भर मे महिन्यात, वीज नसलेल्या दुपारी मुद्दाम जेवायला बोलावले. व्याही घामाने निथळत तिसरा लाडू मागून खाते झाले, तेव्हा किसनसेठ आत जाऊन बायकोला म्हणाले, "उगवलं."

आम्ही त्यांच्या घराची वरची जागा बघायला गेलो, तेव्हा मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. भाडे विचारले तर म्हणाले, "भाडं मंग बोलू, प्रोफेसरसाब. आधी आठ दिवस ऱ्हाऊन बघा. तुमी घराला बघा, घर तुमाला बघंल. न्हाई जमलं तं थैली परत." ते आठ दिवस मी आणि माझी बायको सुमन चोरपावलांनी चाललो आणि कुजबुजत भांडलो. नवव्या दिवशी खालून गट्ट्याच्या भाजीचे पातेले वर आले, आणि आम्हाला कळले की आपण पास झालो. पुढे मुले मोठी झाली, पुण्याला गेली, तिथून आणखी लांब गेली, मी निवृत्त झालो, पण घर सोडले नाही.

हे सगळे आता लिहायचे कारण निराळे आहे. बदनापूरजवळच्या एका वस्तीवरची रुक्मिणी हवाई दलात वैमानिक होण्याचे शिक्षण घेते आहे, आणि तिला तिथवर मी पोहोचवले असा गावभर समज आहे. तिची निवड झाली तेव्हा माझा सत्कार झाला. वक्ते म्हणाले, सरांनी दगडातून हिरा काढला. मी शाल पांघरून मान खाली घालून बसलो, लोकांना तो विनय वाटला. किसनसेठ पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या माझ्या कानांतून अजून गेलेल्या नाहीत.

रुक्मिणी धनगराची पोर. वडील सोपानराव, वीसेक मेंढ्या सांभाळून एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात पाळीवर जाणारे. ती बारावीला गणितात पहिली आली, बीएस्सीला जालन्यात नाव घातले आणि रोज दुपारी कॉलेज सुटले की माझ्याकडे अभ्यासाला यायला लागली. संध्याकाळच्या गाडीने परत. उंच, लांब टांगांची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. आकाशात विमानाचा आवाज आला की गणित अर्धे टाकून गच्चीवर पळायची आणि परत येऊन सांगायची, "सर, उतरून राह्यलं ते. चाकं काढली का न्हाई काय माहीत, दिसली न्हाईत." सुमन तिच्यासाठी शेंगोळे करायची, थालीपीठ लावायची. आमच्या घरात पुन्हा आवाज सुरू झाला होता. खालून किसनसेठ ओरडायचे, "रुकमी, जिना तोडशील, माझ्या बापानं बांधलेला हाय." ती वरून ओरडायची, "मंग तुमी दुसरा बांधा, शेठजी, पैसा कुठं नेनार हाय?" आणि म्हातारा खूश होऊन हसत बसायचा.

एक दिवस ती म्हणाली की मुलींनाही आता बारावीनंतर सैन्याच्या प्रबोधिनीत घेतात, आणि तिथून वैमानिक होता येते. तिच्या वयाला अर्ज करायची तेवढी एकच खेप उरली होती. दुसरा रस्ता बीएस्सी पुरी करून जायचा. मधे एक मेख होती. वैमानिकासाठी यंत्रावर एक चाचणी घेतात, ती माणसाला जन्मात एकदाच देता येते. आज गेली आणि नापास झाली, तर पुढे पदवी घेऊनही विमान नाही. विमानाखेरीज बाकी सगळे.

मी तिला लगेच सांगितले, आधी डिग्री. दोन वर्षांनी पक्की होऊन जा, एकच संधी आहे, कच्ची घालवू नकोस. सल्ला अगदी शहाण्याचा होता. कुठल्याही बापाला पटला असता, आणि सोपानरावांना पटलाच. ते पाळीवरून येताना मुद्दाम माझ्याकडे आले, पायरीवरच बसले आणि म्हणाले, "सर, मला इमान आन् इंजिन सारखंच. तुमी म्हनाल थांब, तं ती थांबंल." मी म्हणालो, थांबू दे. ते गेल्यावर सुमन माझ्याकडे बघत म्हणाली, "तिच्यासाठी थांबवताय की शेंगोळ्यासाठी?" मी वर्तमानपत्र उघडले.

कारण तेच होते. ती गेली की दुपारी चार वाजता आमच्या घरात पुन्हा फक्त घड्याळ वाजणार होते.

किसनसेठचे मात्र काहीच मत नव्हते. "मैं क्या जानूं हवाई जहाज," ते म्हणाले. "पन न बघता थैली ठेवायची बी न्हाई आन् विकायची बी न्हाई. पोरगी वर गेल्यावर तिचं डोकं चालतंय का, येवढं बघू."

"ते कसं बघणार?" मी विचारले.

"जत्रा लागली ना. पाळना आलाय."

नवरात्र होते. मैदानावर आकाशपाळणा उभा होता, जुना, करकरणारा, दोन मजली घराहून कितीतरी उंच. किसनसेठनी ठरवलेली तपासणी अशी: पाळणा फिरत असताना रुक्मिणीने एकोणतीसचा पाढा म्हणायचा, मोठ्याने, न थांबता. ऐकायला शेजारी कोणीतरी हवे. सोपानराव पाळीवर होते. सुमन म्हणाली, मला आताच भोवळ येतेय. मी गुडघ्यांचे कारण सांगितले. मग सत्तरी ओलांडलेले, शंभर किलोंच्या पुढचे किसनसेठ धोतराचा सोगा खोचून स्वतःच पाळण्यात बसले. त्यांच्या बाजूने तो झोपाळा असा कलला की पाळणेवाल्याने समोरच्या झोपाळ्यात दोन गडी जास्तीचे बसवले.

पाळणा सुटला आणि पहिल्याच फेरीत किसनसेठनी बालाजीला हाक मारली. दुसऱ्या फेरीत आईला मारली. त्यानंतर त्यांनी हाका मारलेल्या माणसांत त्यांचा एक जुना देणेकरीही होता. खाली गर्दी जमली. पोरे टाळ्या पिटू लागली, "शेठजी आले, शेठजी गेले." आणि त्या सगळ्या गदारोळावरून रुक्मिणीचा खणखणीत आवाज वरून खाली, खालून वर फिरत होता. एकोणतीस चोक, एकोणतीस पंचे. मी अगदी पुढे, दांडीला धरून उभा होतो, मला एकेक आकडा स्पष्ट ऐकू आला. एकोणतीस साते दोनशे तीन. ती कुठेही थांबली नाही. मधेच एकदा तिने "शेठजी, तुमची टोपी धरा" असेही म्हटले आणि पुढचा आकडा सोडला नाही.

खाली उतरल्यावर किसनसेठ मातीत फतकल मारून बसले. "बोला प्रोफेसरसाब," ते म्हणाले, "मी तं काय ऐकलं न्हाई. माझाच आवाज लई हुता."

रुक्मिणीचे केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होते ते मी ओळखले. ती आधीच गेलेली होती.

मी म्हणालो, "सातव्याला अडखळलीस. आवाजच गेला तुझा क्षणभर."

"न्हाई हो सर."

"स्वतःला कळत नाही ते. वर उंचीवर मेंदूचा तोल जातो. विमानात तो एक क्षणच माणसाला खाली आणतो." मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. माझ्याशी कोण वाद घालणार. किसनसेठ काहीतरी बोलायला गेले, म्हणाले, "पाळना म्हंजे इमान न्हाई, साब." आणि थांबून म्हणाले, "पन बीएस्सी बी इमान न्हाई."

त्यानंतर दोन दिवस रुक्मिणी आली नाही. घड्याळ वाजत राहिले. सुमनने भिजवलेले पीठ तसेच झाकून ठेवले. अर्जाची मुदत संपत आली होती. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो, तर किसनसेठ दुकानात नव्हते. त्यांच्या मुलाने सांगितले, बाबूजी सकाळीच बदनापूरला गेले, टेम्पो करून. हे गृहस्थ लग्नालाही टेम्पोने जायला तयार नसत.

दुपारी ते रुक्मिणीला घेऊन परत आले आणि जिन्यातूनच मला हाक मारली, "चला प्रोफेसरसाब, पाळन्याला."

"आता कशाला?"

"पहिली तपासनी रद्द. मी घाबरल्तो, ऐकलं न्हाई, गलती माझी. एका थैलीची दोनदा तपासनी करायची, नियमच हाय." मग रुक्मिणीकडे वळून, "तू कायकू तोंड पाडून राह्यली? नापास मी झाल्तो, तू न्हाई."

मैदानावर पाळणेवाल्याने त्यांना बघून हात जोडले. "शेठजी, दुसरं गिऱ्हाईक पळून जातं तुमच्यामुळं." किसनसेठनी त्याला बोलू दिले. खिशातून मोठा रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि ती पूर्णच्या पूर्ण तोंडात कोंबली. मग डोळ्यांनीच, चला, अशी खूण करून झोपाळ्यात चढले.

मी आयुष्यात बरेच काही बघितले आहे, पण ओरडायची मुभा नसलेला किसनसेठ पाळण्यात फिरताना बघितला, तसे दुसरे काही नाही. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, हातांनी दांडी अशी धरलेली की दांडीच ओरडेल. वर जाताना ते लाल होत, खाली येताना पांढरे. लोक हसून हसून जमिनीवर बसले होते. रुक्मिणीलाही हसू आवरत नव्हते. हसत हसत, वाऱ्यात, त्या करकरणाऱ्या पाळण्यात तिने पाढा म्हटला आणि उरलेल्या फेऱ्यांत उलटा म्हणून दाखवला.

पाळणा थांबला. किसनसेठनी रुमाल काढला, दोनदा श्वास घेतला, एकदा ओकले, पाण्याने चूळ भरली. मग सगळ्या गर्दीत सांगितले, "साते दोनशे तीन. एकदम बराबर. अडकली न्हाई कुठं." माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर बरे झाले असते. "प्रोफेसरसाब, सोपानला आता तुमीच सांगा," ते म्हणाले. "तुमचा शब्द चालतोय तिथं."

मी सोपानरावांना सांगितले, जाऊ दे तिला. ते म्हणाले, "तुमी म्हनता तं जाऊ दे." अशा रीतीने तिला पाठवणारा मी ठरलो. तिने अर्ज भरला, परीक्षा दिली, मुलाखतीला गेली, आणि जन्मातून एकदाच मिळणारी ती चाचणी पहिल्याच झटक्यात पास होऊन आली. स्टेशनवर तिला सोडायला अर्धी वस्ती आली होती. गाडी हलल्यावर सोपानराव मला मिठी मारून रडले, आणि किसनसेठ बाजूला उभे राहून तिकीट तपासनिसाशी गाडीच्या उशिराबद्दल भांडत होते.

नंतर दोन-तीनदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा ते गोणपाट उलगडून कोंब मोजत होते. मी म्हणालो, "शेठजी, त्या दिवशी मी..." ते म्हणाले, "बोलू नका, गिनती चुकती." गिनती झाली, तर नळाला पाणी आले का ते बघायला उठून गेले.

मागच्या हिवाळ्यात किसनसेठ झोपेतच गेले. शोकसभेत वक्ते म्हणाले की शेठजी आणि सर या दोघांनी एक मुलगी घडवली. मी तिथेही उठलो नाही.

रुक्मिणी सुटीवर आली तेव्हा ती आधी खालच्या घरी भेटून वर आली. केस कापलेले, चाल बदललेली, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी. आता ती एकटीने विमान उडवते. सुमनने शेंगोळे वाढले, आणि ती खात असताना मी तिला सगळे सांगितले. तू अडखळली नव्हतीस, मी ऐकले होते, मी खोटे बोललो, आणि का बोललो.

तिने हातातला चमचा खाली ठेवला. मला वाटले उठून जाईल. पण तिच्या खांद्यांना हसू फुटले, इतके, की डोळे पुसावे लागले.

"सर," ती म्हणाली, "मला तं पयल्या दिवशीच माहीत होतं मी बराबर म्हनले. मी रुसून घरी बसल्ते, अर्ज तं भरून टाकनारच होते. मी शेठजींना तसं सांगितलं बी, ते वस्तीवर आल्ते तवा. तरी ते म्हनले, न्हाई बेटा, येक डाव बसावंच लागतंय."

"मग कशाला बसले ते?"

"तुमच्यासाठी," रुक्मिणी म्हणाली. "म्हंजे तुमाला जाऊ दे म्हनता यावं."