दोन्हीकडे असलेला चहा

आमच्या वन्सं एका संशोधन संस्थेत चहा करायच्या. विश्व कुठून आलं ते शोधणारी माणसं तिथे दिवसभर फळ्यापुढे उभी असत. एकदा चहाच्या खोलीशेजारी दोघा सरांचं जुंपलेलं वन्संनी ऐकलं.

"अहो, विश्वाच्या आधी काही नव्हतंच!" दाढीवाले गरजले. "काळच नव्हता तेव्हा!"

"काळ नव्हता, मग हे 'तेव्हा' कुठून काढलंत?" चष्मेवाले म्हणाले.

झालं! इतक्या वर्षांची मैत्री, पण बोलणं बंद. दाढीवाले टेबल घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेले, चष्मेवाले तळघरात. विश्वाचं काय व्हायचं ते होवो, हाल झाले वन्संच्या गुडघ्यांचे. एक कप वर, एक कप खाली. डॉक्टर म्हणाले, "जिने सोडा." जिने सोडायचे म्हणजे नोकरी सोडायची, आणि घरी बसून दिवसभर आमच्या सासूबाईंच्या तोंडी लागायचं.

सरांच्या बोलण्यातून वन्संच्या कानावर एक पडलं होतं. बारीकसा कण म्हणे कुणी बघेपर्यंत इथेही असतो नि तिथेही. त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं, पण कामाला येईल म्हणून लक्षात ठेवलं होतं.

एका दुपारी त्यांनी एकच कप भरला, झाकण घातलं, दाराशी स्टुलावर ठेवला आणि विणकाम घेऊन बसल्या.

वरून फोन आला. "बाई, चहा कुठाय?"

"तुमच्याकडे आहे, खालच्या सरांकडेही आहे."

"म्हणजे काय?"

"अजून कुणी बघितलाच नाही, मी कसं सांगू?"

खालच्यांनाही तेच उत्तर. एक वरून, एक खालून, दोघं धापा टाकत आले. दोघांचे हात एकाच झाकणावर.

"मी आधी आलो!" दाढीवाले म्हणाले.

"आधी? तुमच्या मते आधी असं काही नसतंच ना?" चष्मेवाले म्हणाले.

"दुसरा कप देते," वन्सं म्हणाल्या, "पण इथेच बसून प्यायचा. वर-खाली आता काही यायचं नाही."

हसू दाबता दाबता चष्मेवाल्यांना ठसका लागला. दाढीवाल्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टेबलं जुन्या खोलीत परत.

वन्संनी नोकरी निवृत्तीचं वय होईपर्यंत केली. शेवटच्या दिवशीही दोघं तावातावाने भांडत होते. वन्संनी कप मध्ये ठेवले, "गार होतोय हं," म्हणाल्या. रिकामे कप न्यायला आल्या तेव्हाही कुणी मान वर केली नाही. त्यांनी कप विसळले, पालथे घातले आणि ओट्यावरून फडकं फिरवलं.