दादाच्या लॅपटॉपची रॅम

मंडळी, आज सकाळी बाबांना घेऊन लाटंबार्सेहून म्हापशाला गेले होते. दादाच्या जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायची होती. दादाला जाऊन तीन वर्षं झाली.

दुकानातल्या ताई म्हणाल्या, "मेमरी बदलूया."

बाबांनी झटकन लॅपटॉप छातीशी धरला. "नको गो बाय, हळू चालू दे. माझ्या झिलाचे फोटो जातले."

ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, फोटो वेगळ्या जागी असतात. त्यांना मी हातही लावणार नाही." मग बाबांच्या डोळ्यांसमोरच त्यांनी नवी रॅम बसवली.

एरवी अडकत चालणारा दादाचा व्हिडिओ आज सलग चालला.

"बाबा, जेवलात?" दादाने विचारलं.

"जेवलो रे झिला," बाबा भर दुकानात बोलून गेले.

तुम्ही कुणाचा आवाज असा जपून ठेवलाय?