साडेचौदा इंचांचा दंड

समजा, तुम्हाला स्वतःचं ब्लड प्रेशर मोजायचं आहे. खुर्चीला पाठ टेका. दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर असा ठेवा की दंड छातीच्या पातळीत येईल. आता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे अगदी गप्प.

कात्रीबाईंची गाडी इथेच अडायची. शिवणाच्या दुकानात त्यांची कात्री धारदार की जीभ, यावर गिऱ्हाइकांचं अजून एकमत झालेलं नाही.

नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह, तीन वर्षांपासून प्रेशर. गेल्या भेटीत आकडा आला एकशे अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर घरी मोजा. असाच राहिला तर दुसरी गोळी सुरू करू. तुम्हाला साखर आहे, त्यामुळे वरचा आकडा एकशे तीसच्या खाली हवा. नाहीतर मूत्रपिंडाला त्रास होतो."

दुसरी गोळी बाईंना नकोच होती. पहिली गोळी घ्यायला लागल्यापासूनच उठताना कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तशाच एका अंधारीत त्यांनी कोटाची डावी बाजू अर्धा इंच तिरकी कापली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितली नव्हती. चक्कर येणाऱ्या बाईच्या हातात कात्री कोण राहू देईल? कापायचं टेबल सुटलं, तर उरलं काय? बटणं लावणं!

बटणं लावायला त्यांची नणंद होतीच. बाईंनी यंत्र आणलं, तेव्हा समोर बसून मजा बघायलाही तीच.

यंत्राचा पट्टा दंडाभोवती जेमतेम पोचला. हवा भरली आणि वेल्क्रो चर्रकन सुटलं.

"वहिनी, दंड आहे की उशी?"

"वन्सं, दंडात खोट नाही, कपडा तोकडा आहे."

बाईंनी टेप लावला. साडेचौदा इंच. मग काय, दुखणं आपल्याच धंद्यातलं निघालं! पट्ट्याची कड उसवली, जीन्सच्या कापडाचा सहा इंच जोड दिला, दुहेरी शिलाई मारली, नवं वेल्क्रो लावलं. पट्टा अंगचाच असावा तसा बसला.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं. एकशे चौसष्ट, एकशे सहासष्ट, एकशे पासष्ट.

"शिवून शिवून घोडं तिथंच," नणंद म्हणाली.

"मोजताना बोलू नका हो!"

"मी कुठे मोजतेय? बोलताय तुम्ही."

आठवडा संपला. पिशवीत यंत्र नि आकड्यांची वही आणि मनात धास्ती घेऊन बाई दवाखान्यात पोचल्या. सिस्टरने पट्टा हातात घेतला, उलटा केला, जोडावरून बोट फिरवलं.

"मावशी, हे तुम्ही शिवलंत? शिलाई झकास आहे."

"मग आकडा का हलत नाही?"

"कापड मोजतच नाही. आत बघा." सिस्टरने पट्टा चाचपायला दिला. आत रबरी पिशवी होती. "हवा हिच्यात भरते. ही दंडाच्या घेराच्या पाचातले चार भाग तरी झाकायला हवी. आखूड पडली तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो."

बाईंनी लगेच टेप काढला. पिशवी साडेनऊ इंच. म्हणजे पाचातले तीन भाग झाकून बाकी उघडंच. त्यांनी कपाळावर हात मारला. अस्तर न मोजता कोट वाढवायचा, असली चूक त्यांनी शिकाऊ पोरींनाही माफ केली नसती.

सिस्टरने सगळ्यात खालच्या खणातून मोठा पट्टा काढला. बाई पाच मिनिटं गप्प बसल्या. धास्तीने का होईना, बसल्या.

एकशे अठ्ठेचाळीस.

"म्हणजे मला प्रेशर नाहीच?" बाई डॉक्टरांच्या खोलीत शिरताच म्हणाल्या.

"आहे. पण वाटलं होतं तेवढं नाही." डॉक्टरांनी वही चाळली. "चक्कर वगैरे येते का?"

बाई टेपाची गुंडाळी करत राहिल्या. टेप संपला तसं तोंडून निघालं, "उठताना येते. एक कोट बिघडला."

"हे आज सांगताय!"

डॉक्टरांनी सिस्टरला उभ्याने मोजायला लावलं. एकशे सव्वीस. "उभं राहिल्यावर बावीसनं उतरतंय. जुन्या मधुमेहात असं होतं. डोळे मिटून दुसरी गोळी दिली असती, तर तुम्ही टेबलापाशीच आडव्या झाला असतात."

"आणि कापणं?"

"चालू ठेवा. पण उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग सावकाश उभ्या राहा. मीठ कमी. मोठ्या पट्ट्याने पंधरा दिवस मोजा, बसून आणि उभ्याने. मग गोळीचं ठरवू."

गोळी टळली नव्हती, लांबणीवर पडली होती. तरी बाई हलक्या पावलांनी बाहेर आल्या.

बाहेर बाकावर सातजण बसले होते. माप घेण्याची खोड काही सुटत नाही. पहिल्याचा दंड तेरा इंच. त्याच्या शेजारची बाई पंधरा. कोपऱ्यातले काका सोळाच्या खाली नव्हते, आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत गोळ्यांच्या चार पट्ट्या दिसत होत्या.

बाई परत आत वळल्या. "सिस्टर, मोठा पट्टा खालच्या खणात कधीपासून आहे?"

"असेल दोन-तीन वर्षं. का?"

"त्या काकांना आजवर कुठला लावला होता?"

सिस्टरने दारातून काकांच्या दंडाकडे बघितलं आणि टेबलावरच्या नेहमीच्या लहान पट्ट्याकडे बोट केलं.

"मग त्यांच्या चार गोळ्यांतल्या खऱ्या गरजेच्या किती?"