गढीची पांढरी माती

चार सुट्ट्या झाल्या, आमच्या गावच्या गढीचा इतिहास लिहीन म्हणतोय आणि वही अजून कोरी आहे. गढी कुणी बांधली विचारलं, की प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो. दगडी असती तर निदान एखादा कोरीव लेख सापडला असता. मातीच्या भिंती दर उन्हाळ्यात नुसत्या बुटक्या होत जातात.

आज पाहतो तर शेजारच्या कौसाकाकू बुरुजाच्या पायथ्याची पांढरी माती कुदळीने उकरून घमेल्यात भरत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"काकू, इतिहास आहे हा! थोडा तरी राहू द्या."

"असंल बाबा. पण ही माती घराच्या धाब्यावर टाकली, की छत गळत नाही."

"आणि उत्तरेचा अख्खा बुरूज कुणी संपवला? तेही कुणी सांगत नाही."

काकूंनी घमेलं डोक्यावर घेतलं. "तुझ्या तोंडावर कोण सांगंल? तुझ्या बापानं नेला. घर बांधलं तेव्हा, बैलगाडीनं."

घरी येऊन वही उघडली आणि नुसता वर छताकडे बघत बसलो. आमचं घर एकाही पावसाळ्यात गळलेलं मला आठवत नाही.