मी उकळलेला लाँगजिंग

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी रिसर्चसाठी एडिनबराला गेले. नवरा लंडनला, हॅरोत नोकरीला आणि चार वर्षांचा मुलगा पुण्यात, सासूबाईंजवळ. माझ्या फ्लॅटमध्ये लॅबमधलीच एक बाई राहायची, चीनमधल्या हांगझोची. तिचीही मुलगी तिकडेच, आजीकडे. आम्हा दोघींना एका जागी बसवत नसे. पोस्टमन येईपर्यंत मी जिन्यात चकरा मारायची, ती पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

एकदा ती तापाने फणफणली. मी आपल्या पद्धतीने चहा टाकला. आलं ठेचलं, दूध घातलं. माझी पत्ती संपली होती, म्हणून तिच्या डब्यातली चपटी हिरवी पानं मूठभर टाकून खळखळून उकळलं. तिने कप नाकाशी नेला, क्षणभर थांबली आणि सगळा प्यायली.

“कुठली पत्ती घेतलीस?”

मी डबा दाखवला.

“लाँगजिंग. वसंतातली पहिली खुडणी. आईने पाठवला होता. ह्याला उकळतं पाणीसुद्धा सोसत नाही, जरा निवू द्यावं लागतं. मग भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून लवकर निघून दुकानं पालथी घातली. लाँगजिंग कुठेच नव्हता. शेवटी एका दुकानदाराने लॅपसांग नावाचा चिनी चहा दिला. घरी पाकीट उघडलं तर पाइनच्या धुराचा भपकारा!

ती हसता हसता खोकायला लागली. “हा आम्ही तुम्हा परदेशी लोकांसाठी करतो!”

मग तिने मुरवलेल्या पु-अर चहाची काळी वडी काढली, तिचा तुकडा तोडला. “ह्यावर खुशाल उकळतं पाणी ओत. जितका जुना तितका चांगला.” त्याला ओल्या मातीचा वास होता. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी घालत आम्ही बसलो.

“रविवारी फोनवर मुलगी मला मावशी म्हणाली,” ती एकदम म्हणाली.

मी किटली पुन्हा गॅसवर ठेवली. माझा मुलगा तर फोनवर यायलाच तयार नसायचा.

दोन महिन्यांनी ती रिसर्च अर्धवट टाकून परत गेली. लॅबमध्ये सगळे तिला वेड्यात काढत होते. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला फोन केला, “त्याला पुण्याहून घेऊन ये. नाहीतर मी परत चालले.”

उन्हाळ्यात मुलगा आला. मीही एडिनबरा सोडून हॅरोला आले. पहिला आठवडाभर तो मला “अहो” म्हणून हाक मारायचा, आणि मी ओ द्यायची.