जिवंत माणसाची खुर्ची

फेलिसियाना विधानभवनाच्या उपाहारगृहात कॉफी देते. तिची कॉफी आणि टोमणा, दोन्ही कडक. ग्वातेमालातून ती उत्तरेकडच्या या देशात आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. आता आमदारांनाही ऐकवते आणि ते हसून पितात.

ऐन पानगळीत तिच्या नवऱ्याला, नीकासियोला, केंद्राच्या पोलिसांनी कामावर जाताना उचललं. छपरं घालणारा माणूस, गुन्हा एवढाच की इथे राहायचे कागद नाहीत. झालं! आमदारांच्या काळजाला पाझर फुटला. केंद्रापुढे राज्याचं काही चालत नाही म्हणे. पण तोंड चालतं, त्याला कोण अडवणार? लगेच ठराव तयार. ज्याअर्थी नीकासियो कष्टाळू आहे, ज्याअर्थी तो शेजाऱ्यांचा लाडका आहे, त्याअर्थी हे सभागृह तीव्र खेद व्यक्त करत आहे.

"फेलिसियाना, अख्खं सभागृह तुझ्या पाठीशी आहे," आमदार प्रेंटिस म्हणाले.

"अख्खं नको हो साहेब, तुम्ही एकटे पुरे. शुक्रवारी जामिनाची सुनावणी आहे. वकीलबाई म्हणतात, वजनदार माणूस येऊन 'मी याला ओळखतो, माणूस चांगला आहे' एवढं बोलला तरी न्यायाधीश ऐकतील. नाहीतर त्याला देशाबाहेर पाठवतील."

"येतो म्हणजे काय! आलोच समज."

शुक्रवारी न्यायाधीशांनी विचारलं, "याच्या बाजूने कोण बोलणार?" फेलिसियाना दाराकडे बघत राहिली. दार काही उघडलं नाही. जामीन नाकारला.

ती तशीच कामावर आली, तर प्रेंटिससाहेब आनंदाने समोर. "एकमताने मंजूर! विरोधात एक मत नाही! मतदान सोडून निघता येईना गं. पण आत ये, बघ तरी."

सभागृहात मधोमध एक रिकामी खुर्ची. तिच्यावर नीकासियोचा फोटो, झेंडूच्या माळा, पुढे मेणबत्ती. सगळ्यांनी म्हणे उभं राहून मौनही पाळलं होतं.

फेलिसियाना ओरडलीच. "अहो साहेब, आमच्यात हे मेलेल्या माणसासाठी मांडतात!"

"तेच तर! तुमच्या परंपरेचा मान ठेवला," साहेबांनी छातीवर हात ठेवला. एवढ्या शिकलेल्या माणसाला काय बोलणार, कप्पाळ!

खुर्चीचे फोटो जगभर फिरले. संध्याकाळी गावाकडून सासूचा फोन आला. म्हातारी हंबरडा फोडत होती. "पोरगा गेला आणि मला कळवलंही नाहीस गं? शेजारणी जपमाळा घेऊन दारात बसल्यात."

"आई, जिवंत आहे तो! शप्पथ! आज सकाळी पाहिला मी त्याला. नुसता वाळलाय."

सासू कितीतरी वेळ रडली, मग चिडली. "मग त्या मोठ्या माणसांना एवढंसुद्धा माहीत नाही? कुणी सांगायचं होतं ना, की माझा लेक जिवंत आहे, चांगला आहे!"

"तेवढंच सांगायला बोलावलं होतं, आई," फेलिसियाना म्हणाली. "कुणी आलं नाही."